वरच्या मजल्याच्या सळया

प्रिय पोरी,

तुझा फोन झाला त्या दिवसापासून लिहीन लिहीन म्हणतेय. तू विचारलंस, "आई, काम कुठपर्यंत आलं?" आणि मी म्हटलं, "चाललंय."  मग दारावर कुणी आलंय म्हणून तू फोन ठेवलास. दारावर कुणी नव्हतं, हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. म्हणून कामाची खबर आता नीट कळवते.

खालचा मजला झाला. गिलाव्यावर पाणी मारणंही संपलं. फरशी तू निवडली होतीस तीच, राखाडी ठिपक्यांची. दुकानदार दुसरीच गळ्यात मारत होता, थोडी स्वस्त म्हणून. मी ऐकलं नाही. सगळी एकाच लॉटची घेतली आणि वर एक पेटी जास्तीची, कारण उद्या एखादी फुटली तर तो रंग पुन्हा मिळत नाही. ती पेटी जिन्याखाली आहे. विटांचे तुकडे न्हाणीघराच्या भरावात गेले. वाळू झाकून ठेवली, नाहीतर मांजरं आणि वारा मिळून निम्मी नेतात. लोखंडाचं काम करणारा आपला फिटर म्हणतो, "बाई, तुमच्या कामावर उंदरालाही सही करून आत यावं लागतं." तो दर दोन दिवसांनी हेच म्हणतो. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी हसते.

तुझे सासरे तू पाहिले नाहीस. बांधकामाचे ठेकेदार होते. लग्नानंतर त्यांनी मला गोदामाची किल्ली दिली आणि म्हणाले, "बघ जमतंय का." मला तर लोखंड आणि लाकूड एवढाच फरक कळत होता. पण कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांच्या शिवणाच्या तासाला जे शिकले ते तिथे कामाला आलं. सिस्टर आधी वर्तमानपत्र कापायला लावायच्या. झग्याचा घेर, बाह्या, कॉलर आणि उरलेल्या जागेत खिसा. कापडाचं चिंधूकसुद्धा वाया जात नाही अशी मांडणी झाली की मगच कात्री हातात मिळायची. मी सळयांचं तसंच केलं. एका लांब सळईतून तुळईचा तुकडा कुठला, खिडकीवरचा कुठला, आणि हातभर उरेल तो स्लॅबच्या जाळीखाली टेकू म्हणून. हे आधी कागदावर, मग कापणं. तुझे सासरे म्हणायचे, बाकीच्यांचा नफा भंगारवाल्याच्या गाडीतून जातो, माझा बायकोच्या कागदावर राहतो. सिस्टर आणखी एक सांगायच्या. शिवणीत माया सोडा, थोडं जास्तीचं कापड, मुलगी वाढणार आहे.

माझा लेक त्या गोदामातच मोठा झाला. पोत्यांच्या थप्पीवर बसून अभ्यास करायचा आणि सगळा पांढरा होऊन घरी यायचा. मला स्टोअरकीपर म्हणायचा, तुझ्यासमोरही. "आमची स्टोअरकीपर स्वर्गाच्या दारातही आधी माल मोजून घेईल." तू हसायचीस आणि मग माझ्याकडे बघायचीस, मला राग आला का म्हणून. मला कधीच आला नाही.

त्या सकाळी तो उठलाच नाही. हे तुला सांगायला नको, तू शेजारीच होतीस. डॉक्टर येऊन गेले, माणसं जमायला लागली, आणि शेजारच्या प्लॉटसमोर, जिथे तो हे घर बांधत होता, सिमेंटचा ट्रक येऊन थांबला. त्यानेच मागवलं होतं, स्लॅबसाठी. कुणीतरी म्हणालं, परत पाठवा. मी बाहेर गेले. जमिनीवर फळ्या टाकायला लावल्या, भिंतीपासून अंतर सोडून थप्पी लावून घेतली, वर ताडपत्री बांधून घेतली. एक पोतं फाटलं होतं ते परत केलं. पावतीवर सही केली. लोक काय काय म्हणाले ते मला नंतर कळलं. तू खिडकीतून बघत होतीस. तू काही म्हणाली नाहीस, अजूनही नाही.

सिमेंट फार दिवस थांबत नाही. हवेतली ओल धरतं, आत गठ्ठे होतात, मग टाकूनच द्यावं लागतं. म्हणून मी काम थांबवलं नाही. बाईंचा धीर मोठा, असं म्हणतात सगळे. धीर कसला. सकाळी उठायचं, पोती मोजायची, आधी आलेली आधी वापरायची, संध्याकाळी रिकामी पोती झटकून घडी घालायची. पोती संपली तेव्हा स्लॅब झाला होता. तू माहेरी गेलीस, ते बरं केलंस. इथे फार धूळ होती.

स्लॅबच्या वर खांबांच्या सळया उभ्याच आहेत, पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या. वरचा मजला तुमचा होता. "आई, शिवणीत माया सोडतेस तसं," असं मला सांगून गेला होता. गंजू नयेत म्हणून मी त्यांना सिमेंटचं पाणी लावून घेतलं. टोकं लागू नयेत म्हणून वर रिकाम्या बाटल्या उपड्या घातल्या. वारा आला की त्या वाजतात. दुपारी कपडे वाळत घालायला जाते तेव्हा सळई हाताला चटका देते.

तुझ्या आईचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस, तिने भीतभीतच सांगितलं. तुझ्या ऑफिसातल्या एका माणसाने लग्नाचं विचारलंय आणि तू त्याला थांबवून ठेवलंयस. आधी घर पूर्ण होऊ दे, म्हणालीस म्हणे. वरचा मजला हा माझ्या लेकाचा शब्द होता, तिकडच्या आई एकट्या कसं करतील, म्हणालीस. तेव्हा मला कळलं की तू दर वेळी कामाचं का विचारतेस. मी तुझ्या आईला विचारलं, माणूस कसा आहे? ती म्हणाली, "बोलत नाही फार. चहा बरा करतो." मला बरं वाटलं. म्हणजे वाटलं असावं.

आज सकाळी फिटरला बोलावलं आणि सळया कापायला सांगितल्या. तो म्हणाला, "बाई, परत विचार करा. पुन्हा मजला चढवायचा म्हटलं तर फार अवघड जाईल." मी म्हटलं, चढवायचा नाही. शेवटची कापेपर्यंत मी तिथेच उभी होते. तुकडे लांबीप्रमाणे लावून ठेवलेत, मागच्या कुंपणाला चालतील. कापल्या जागी सिमेंटचा मसाला भरून घेतला, उद्यापर्यंत वाळेल. कपड्यांची दोरी बांधायला एक ठेवू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. दोरी कठड्यालाही बांधता येते. तेव्हा घर पूर्ण झालं, पोरी. वर आता नुसती गच्ची आहे. ऑफिसातल्या त्या माणसाला कळव. आणि कधी दोघं आलात तर मागची खोली मोकळी आहे, तिथेही तीच फरशी घातलीय.

तुझीच,
स्टोअरकीपर आई