काटा पुन्हा लालवर

मंगळवार, संध्याकाळ

डोकंच फिरलं आज. बाबाले मोतीबिंदूच्या ऑपरेशनले नेत होतो, अन् उतईच्या रस्त्यावर आपली जुनी गाडी पुन्हा तापली. काटा लालवर. मागच्याच आठवड्यात मिस्त्रीनं रेडिएटर बदलला, तरी काटा लालवरच! कावून? इंजिन चालू ठेवून बोनेट उघडलं, तर आतून बाबा म्हणाले, "पंखा फिरून नाही राहिला."

मी ओरडलो, "तुमाले दिसत नाही, गप बसा ना!"

"ऐकू तर येते. पंख्याचा आवाजच नाही."

खरंच, पंख्याचा प्लग निसटला होता. दाबून बसवला, काटा खाली आला. पण दवाखान्यात नंबर गेला, आता पुढच्या आठवड्यात. परतताना वाटलं, मिस्त्रीवर चिडू, का स्वतःवर? बाबाची माफी मागाले दोनदा तोंड उघडलं, अन् दोन्ही वेळा गाडीबद्दलच बोललो.