दांडीवरची कार्डं

सोम. २५ नोव्हें. ७४
उमेदवार आले! पाच मागितले होते, तीन मिळाले. बी.ए.ची मुलं. दुपारी दोन ते पाच, मार्चपर्यंत ग्रंथालयाचं काम शिकायचं. शेवटी मी अहवाल लिहायचा आणि ग्रंथपालसाहेबांच्या सहीचं प्रमाणपत्र. या योजनेसाठी दोन वर्षं साहेबांचं डोकं खाल्लं. "करा, पण जबाबदारी तुमची," म्हणाले एकदाचे. आणि आज मुलं समोर उभी राहिली तर काय शिकवायचं तेच आठवेना. पुस्तकाची धूळ कशी पुसायची ते सांगून वेळ मारून नेली.
दोघं मुलगे शहरातले. तिसरी शालन चौगुले, उचगावची, सायकलवरून येते. "मी येतो, मी जातो" बोलते, इकडच्या खेड्यांतल्या बायकांसारखं. सरस्वतीला हात लावावा तसा पुस्तकांना हात लावते.

गुरु. २८ नोव्हें.
कार्डं लावायला शिकवलं. दरेक पुस्तकाचं एक कार्ड, लेखकाच्या आडनावाने, लाकडी खणात. खणातल्या सगळ्या कार्डांच्या भोकांतून पितळी दांडी जाते. उमेदवाराने नवं कार्ड दांडीच्या वर ठेवायचं, ते बोटभर उंच उभं राहतं. मी तपासायचं, दांडी ओढायची, कार्ड खाली बसलं की दांडी परत घालायची. मग वहीत 'तपासले' आणि सही.
शालन : "म्हंजे तवर पावण्यागत उंबऱ्यातच हुबं ऱ्हायाचं?"
"व्हय," मीही म्हणून गेले. खूप दिवसांनी एवढी हसले.

मंगळ. १० डिसें.
मुलगे गळाले. एकाला क्रिकेट, दुसऱ्याला कंटाळा. शालन उरली.
जुन्या 'पा'च्या खणातली कार्डं मळून काळी झालीत. सगळी नव्याने लिहून लावायला तिला दिली. अक्षर काय सुरेख आहे पोरीचं! लिहिता लिहिता पुस्तकं काढून प्रस्तावना वाचत बसते. रागवायला हवं होतं. नाही रागावले. मीसुद्धा याच नादाने या नोकरीत आले.
मुरगुडच्या वाचनालयाला माणूस हवंय म्हणाली. तिथे तिची आत्या असते. "परमानपत्र आणा, मग बघू म्हणाल्यात."

गुरु. १९ डिसें.
'पा'चा खण पुरा. दोनशेच्या वर कार्डं, सगळी दांडीवर उभी. शालन मैत्रिणीच्या लग्नाला लवकर गेली. जाताना दारातून परत आली, "बाई, नीट बघा हं, मला त्यात काय काय इचारायचंय." बरं म्हटलं.
तपासायला बसले. पाटकर, पाटणकर झाले. मग पाटील लागले. आणि खिडकीत बगळे. तळ्यावरून उठून एकामागून एक, पार उसाच्या फडापर्यंत. कुठल्यातरी गुऱ्हाळाचा वास येत होता. कार्डं अशीच दांडीवरून उठून उडाली तर, असं काहीसं मनात. किती वेळ गेला कोण जाणे. बापू शिपाई चहा घेऊन आला तेव्हा चार वाजून गेलेले. दांडी घातली, वहीत सही केली.
आई म्हणते ते खरं. खिडकीशी लग्न लागलंय माझं.

सोम. २० जाने. ७५
वाईट दिवस. जयसिंगपूरहून एक प्राध्यापक आले होते, कुणा पाटलांचं पुस्तक हवं होतं. खणात कार्ड सापडेना. नाही म्हणून सांगितलं. बापूने सहज कपाटातून काढून दिलं!
साहेबांनी खणच बाहेर ओढला. सगळे पाटील गावाप्रमाणे लावलेले. उचगावचे पाटील, मग कागलचे, मुरगुडचे, शिरोळचे. शेवटी गाव न कळलेले. साहेब लालबुंद. "हा काय तालुक्याचा बाजार आहे?"
शालन सरळपणे म्हणाली, "पर साहेब, आमच्यात नुसतं पाटील म्हटल्यावर कोन वळखनार? कुठला पाटील त्ये नको का? प्रस्तावनेखाली गावाचं नाव असतंय की."
"तपासलं कोणी हे?"
मी म्हणाले, "मुलगी नवीन आहे, साहेब."
एवढंच म्हणाले. खोटं नव्हतं. शालनने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. वहीचं नावसुद्धा काढलं नाही.
साहेब : "प्रमाणपत्र विसरा." योजना चालू ठेवायची की नाही ते फेब्रुवारीत ग्रंथालय समिती ठरवणार.
वही माझ्याच टेबलाच्या कप्प्यात.

मंगळ. २१ जाने.
शालन आली नाही.

गुरु. २३ जाने.
नाही आली. कप्पा उघडला, वही पाहिली, बंद केला. सहीसुद्धा काय झोकदार केली आहे! लाज वाटते. चारदा साहेबांच्या दारापर्यंत गेले. चारदा तहान लागली म्हणून परतले.

रवि. २६ जाने.
उचगावला गेले. झेंडावंदनाहून परतणारी पोरं दाखवत दाखवत घरापर्यंत घेऊन आली. शालन सोप्यात शेंगा फोडत होती. तिच्या आईने पाट दिला, "पावणं, बसा की." चहा आला. कुणी काही विचारलं नाही, तेच जड गेलं.
शेवटी मीच : "त्या दिवशी मी गप्प बसले."
"सही तुमची हुती," शालन म्हणाली.
"हो."
"मला वाटलं, बाईंची नोकरी जाईल. म्हनून मी बी गप बसलो."
मला सांभाळत होती. एकोणीस वर्षांची पोर, मला. डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला शेंगा फोडायला घेतल्या. तासभर फोडल्या. निघताना आईने पिशवीभर बांधून दिल्या.

सोम. २७ जाने.
वही साहेबांच्या टेबलावर ठेवली. सांगितलं. खिडकीचं, बगळ्यांचंही सांगितलं, ते नको होतं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.
"बगळे?"
"हो."
"हे लेखी द्या. समितीपुढे ठेवतो. मुलीचा खण ती दुरुस्त करून देईल तर तिच्या प्रमाणपत्राचंही तिथेच बघू."
लेखी दिलं. बगळे गाळले. बाहेर आल्यावर आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली.

सोम. ३ फेब्रु.
निरोप पोचला, शालन आली! सायकल बापूने धरली. खणातली दांडी काढून टाकली, पाटील नव्याने लावायला बसली. आता नावाप्रमाणे. मधूनच पुटपुटते, "ह्यो मुरगुडचा त्या शिरोळच्या शेजारी कसा नांदनार?"
पाटलांच्या कार्डांच्या पाठीमागे पेन्सिलीने गावं लिहून ठेवलीत तिने. साहेबांनी पाहिलं. "खोडा ते. खोडल्याशिवाय दांडी घालायची नाही."

सोम. १० फेब्रु.
कार्डं लावून झाली. ती म्हणाली, "आता मी येत न्हाई बाई, परीक्षा हाय. तुम्ही बघून घ्या." या वेळी नीट बघा म्हणाली नाही.
दुपारी एक विद्यार्थी आला, "ते मुरगुडच्या पाटलांचं पुस्तक पायजे." आडनाव नि गाव, याच्या पुढे त्याला काही माहीत नाही. कार्डांच्या पाठी फक्त 'मुरगूड' शोधत गेले, तिसऱ्या मिनिटाला पुस्तक त्याच्या हातात. तो थँक्यू न म्हणताच गेला. मला काय आनंद झाला!

गुरु. १३ फेब्रु.
खिडकीचा पडदा ओढून बसले. एकेक कार्ड. पाटकर, पाटणकर, मग पाटील, सगळे. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. क्रमात एक चूक नाही. खोडरबर शेजारी ठेवलं होतं.
मग गाव न कळलेले लागले, आता इकडे तिकडे विखुरलेले. पहिल्याच्या पाठीवर पेन्सिलीने, 'गाव? बाईंना विचारणे.' दुसऱ्याच्या पाठीवर तेच. एकूण अकरा. पेन्सिल पुसट झालेली, डिसेंबरातली. म्हणजे हे विचारायचं होतं तिला. दारातून परत येऊन सांगून गेली होती. मी बघेन म्हणून अकरा प्रश्न दांडीवर उभे करून ठेवले होते पोरीने, आणि मी न बघताच त्यांच्यातून दांडी घातली.
 बापूने चहा आणला, निवला.
अकरापैकी सात गावं मला माहीत होती. एक तर आमच्याच गल्लीतले पाटील. त्या सात कार्डांवर पेन्सिलीने उत्तरं लिहिली. चारांवर लिहिलं, 'मलाही माहीत नाही. शोधू.' खोडरबर बापूच्या मुलीला देऊन टाकलं.
वहीत 'तपासले', सही.
उद्या अकराला समिती. साहेबांना सांगितलं, खण मी स्वतः घेऊन येते. म्हणाले, "गावं खोडली?"
म्हटलं, "उद्या बघालच."
दांडी घातलेली नाही. कार्डं अजून वर उभी आहेत.