कोहिम्याला ठेवलेली दशमी

तीर्थरूप आण्णा, मानसिंग पाया पडतो.

मी बरा हाय. रविवारी आमच्या पलटणीला कोहिम्यातल्या जुन्या लढाईच्या जागा दाखवल्या. गाईड बाई म्हणली, हितं पडलेल्या हिंदू जवानांना अग्नी दिला, म्हणून थडगी न्हाईत, दगडावर नावं हायत. त्यात तुमच्या आज्याचं नाव सापडलं.

आईनं दिलेल्या दशम्यांतली एक उरली हुती. ती दगडाम्होरं ठेवली. झाडावर कावळे हुते, पण शिवंनात. घरची सगळी सुखात हायत म्हणून सांगितलं, तरी न्हाई. बाकीचे गाडीत बसले. मग हळूच म्हणलो, "पणजोबा, मी घरी माघारी जाणार." तवा एक शिवला.

ऊस तुटला का? आईला कावळ्याचं सांगू नगा. दशम्या संपल्या, एवढंच सांगा.

तुमचा,
मानसिंग