तुमची पहिली बायको

बाबा, तुमची पहिली बायको सापडली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता लपवण्यात अर्थ नाही, आणि आईलाही कळलं आहे, तेव्हा तुम्ही जिथे असाल तिथे जरा सावरून बसा.

इंटरनेटवर आता घराण्यांच्या वंशावळी जुळवून देणाऱ्या जागा असतात. आपलं घराणं जिथे आहे ती जागा फुकट आहे, पगारी माणूस एकही नाही, सगळे हौशी. आपल्याकडचा हौशी म्हणजे तुमच्या चुलतभावाचा थोरला, बल्लारपूरचा भाऊ. जन्मभर रेल्वेत डबे जोडले, निवृत्त झाल्यापासून माणसं जोडतो. फुकट काम करणाऱ्याला रागावता येत नाही, हीच त्याची फी. तर या भाऊला माळ्यावरच्या पेटीत एक फोटो मिळाला. एकाच पुठ्ठ्यावर दोन लंबगोल. डावीकडे तुम्ही, मिशी न फुटलेले, कॉलर ताठ. उजवीकडे नऊवारी लुगड्यातली एक देखणी बाई, अंबाड्यावर गजरा, नजर किंचित खाली. भाऊने जोडी लावून टाकली आणि आईला दुसऱ्या नंबरावर सरकवलं. मग कुठल्याशा दूरदेशी बसून चेहरे ताडून पाहून चुका दुरुस्त करणाऱ्या एका हौशी बाईंनी माझा फोटो त्या सुंदरीशेजारी ठेवून पाहिला आणि मला आईच्या खालून उचलून तिच्या खाली ठेवलं. वर मला गोड शब्दांत कळवलं, तुम्ही अगदी आईवर गेला आहात, ती लवकर गेली याचं वाईट वाटतं. हे सांत्वन मी वाचत होते तेव्हा आई समोर अंगणात सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती आणि मला आळशी म्हणत होती.

मी फोन तिच्यापुढे धरला.

"हे कोन व्हय वो?"

"बाबांची पहिली बायको. माझी आई."

"आन मी?"

"तू दुसरी. तुला मूलबाळ नाही."

तिने सूप खाली ठेवलं. "नऊ महिने पोटात का टरबूज वागवलं मी?" म्हणाली, आणि चष्मा लावून फोन नाकाशी नेला. मी वादळाची वाट बघत होते. ती हसायलाच लागली. इतकी हसली की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. "अवो, हा तं तुया बाप व्हय!"

मग कळलं. खाकी चढवण्याआधी तुम्ही मंडईच्या जत्रेतल्या नाटकांत बाईची कामं करत होतात. दिवाळी सरली की गावोगाव मांडव पडायचे, आणि अशाच एका मांडवात आईने तुम्हाला पाहिलं. बहिणीला म्हणाली, ही बाई एवढी सुंदर आहे तर हिचा भाऊ कसा असेल, मला त्याच घरात द्या. पुढे तुमच्याकडची माणसं तिला बघायला आली. "चहा देतानी वर पायलं, तं तेच बाई पँट घालून बसली होती!"

वनरक्षक झालात, मिशी वाढवलीत, बदली मागून जिवतीला गेलात, जिथे तुम्हाला लुगड्यात पाहिलेलं कोणी नव्हतं. पण बाबा, मी त्या बाईला एकदा भेटले आहे. जिवतीचं आपलं स्वयंपाकघर. मी सातवीत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये राणी झाले आहे, आईच्या साडीत धडपडत तालीम करते आहे. तुम्ही दारात उभे, वर्दीत. "राणी हाय का हवालदार? आधी नजर वळव, मंग मान." मला काही जमत नाही. तुम्ही इकडेतिकडे बघता, खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेता आणि चुलीपासून माठापर्यंत चालत जाता. मिशीसकट. वर्दीतल्या त्या चालण्याने स्वयंपाकघराचा दरबार होतो. आई चुलीकडे तोंड फिरवून बसते, तिचे खांदे हलत असतात. मला तेव्हा वाटलं, ती रडते आहे.

आता घोळ असा, की भाऊ हे अख्खं झाड फ्लेक्सवर छापून रविवारी गोंडपिपरीला घराण्याच्या मेळाव्यात टांगणार आहे. मामाकडचेही येणार. त्या सगळ्यांसमोर आई निपुत्रिक सवत म्हणून लटकणार. मी त्याला फोन केला, ती बाई म्हणजे बाबाच आहेत म्हणून सांगितलं. त्याने पलीकडे पंखा बंद केला आणि आवाज खाली आणला.

"बाई, काका गेले आता. कायले त्यायची बदनामी करून राह्यली?"

"आणि दोन बायका लावल्यास ती बदनामी नाही?"

"दोन बायका चालते वो. फ्लेक्सवर लुगडं कसं चालन?"

आईने फोन माझ्या हातातून ओढला. "भाऊ, मले पोरगी नाई असं लिवून तू टांगच. मंग मी माइकवर येऊन पोरगी दाखवीन, आन तुया काकाचं लुगडं बी दाखवीन." भाऊ नरमला. उद्या दुपारपर्यंत दुरुस्ती कर, मग छपाईला जाईल, म्हणाला.

दुरुस्ती सोपी आहे. ती जागा एकच प्रश्न विचारते: ही दोन माणसं एकच आहेत का? 'हो' दाबलं की तुम्ही आणि ती एक होता आणि मी आपोआप आईच्या पोटी परत येते. फक्त पुढे फोटो एकच राहतो. कोणता ठेवू, असं आईला विचारलं. तिने डाळीवरून मान वर केली नाही. "लुगड्याचा ठेव. त्यालेच पाहून हो म्हनली होती मी."

हे सगळं मी तिथल्याच 'या व्यक्तीची आठवण लिहा' या चौकटीत लिहिते आहे. पाठवणार नाही, भाऊ हेही फ्लेक्सवर छापेल. आणि 'हो' अजून दाबलेलं नाही. आईला सांगितलं, रेंज नाही. रेंज आहे, बाबा. पोरीचं तोंड मिशाळ बापावर गेलं म्हणून माझ्याकडे बघून बायकांचं चुकचुकणं मी जन्मभर ऐकलं. त्याच तोंडासाठी आईने लग्न केलं, हे कोणी सांगितलंच नव्हतं. उद्या दुपारी दाबते. तोवर मला त्या लुगड्यातल्या बाईची मुलगी राहू द्या.