दारावरचा एकच प्रश्न

३ मार्च, सोमवार

हद्द झाली! आज आमच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या दारातच हवालदारांनी एका नव्या बाईला धारेवर धरलं. "नाव? कधीपासून पिता? घरचे कुठे आहेत? पुन्हा पिणार नाही कशावरून?" ती चप्पलही न काढता मागे फिरली. गेली! वर म्हणे, "शिस्त नको का?" नोकरी संपली, पण यांची चौकी काही सुटत नाही.

स्वतः दारू सोडून त्यांनी हे केंद्र उभं केलं, मान्य. इथे डॉक्टर नाही, साहेब नाही. सगळे त्याच वाटेने आलेले. मीसुद्धा. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आणि रिकाम्या संध्याकाळी बाटली उघडू लागले. पहिल्यांदा आले तेव्हा याच दारात, याच माणसाने विचारलं होतं — "बाई, या वयात?" तेव्हा गप्प बसले. आता बसणार नाही!

५ मार्च, बुधवार

बैठकीत उभी राहून बोलले. दारावर एकच प्रश्न विचारायचा — पाणी हवं का? बाकीचं आत बसल्यावर, ज्याचं त्याला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढं.

हवालदार हसले. "मग दारावर तुम्हीच बसा, बाई. बघू, तुमची जीभ किती कळ काढते ते!" सगळे खो खो हसले. मी म्हटलं, "बसते की! खुर्ची तेवढी ताठ पाठीची द्या." कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी पाठ सरळ ठेवायला शिकवलं ते शिकवलं. त्यांच्या फाटकावर मात्र दहा प्रश्न असायचे — तेही इंग्रजीत.

६ मार्च, गुरुवार

जीभ चावून चावून सुजली.

९ मार्च, रविवार

लेकीचा फोन. परगावी मोठ्या हुद्द्यावर आहे, पण रविवारी दुपारी न चुकता बोलते. आवाज बसला होता. "काही नाही गं, झोप होत नाही."

तिला दारावरची गंमत सांगितली. "तू? आणि प्रश्न विचारत नाहीस? अगं, मी शाळेतून आले की दप्तर टेकायच्या आत तुझी उलटतपासणी सुरू!" दोघी पोट धरून हसलो. मग म्हणाली, "खरंच कुणालाच विचारत नाहीस?"

"नाही."

"कुणीही आलं तरी?"

"राजा आला तरी पाणीच विचारेन!"

१२ मार्च, बुधवार

आमच्यातला तो न्हावी परत आला! दारूतून चांगला सुटला होता, मग दिसेनासाच झाला. फाटकाबाहेर येरझाऱ्या घालत होता. अगदी ओठांवर आलं होतं — काय रे हे, पुन्हा? गिळलं. "पाणी हवं का?"

आला. ग्लास दोन्ही हातांनी धरला. हात थरथरतात ना, पहिल्या दिवशी सगळेच तसा धरतात. मीही धरला होता.

आत सगळे गोल करून बसल्यावर आपणहून बोलला. "मध्ये दोनदा फाटकापर्यंत आलो होतो. हवालदारसाहेब दिसले, परत गेलो. काय उत्तर देणार होतो?" हवालदार चष्मा पुसत राहिले. बराच वेळ.

१५ मार्च, शनिवार

ठरलं! नियम कायम झाला. आणि मांडला कुणी? हवालदारांनी! म्हणाले, "बाई, जिंकलात. आता मलाही शिकवा." लगेच दारावर बसवलं. पहिल्याच माणसाला "पाणी हवं का!" असं काही दरडावलं, की बिचाऱ्याने दोन्ही हात वर केले. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी. जमेल त्यांनाही. हळूहळू.

इतकी वर्षं मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसले. ही दारावरची मला जास्त शोभते — मीच म्हणते, दुसरं कोण म्हणणार? घरी येताना सिस्टर्सनाही हेवा वाटावा इतकी ताठ चालले.

१६ मार्च, रविवार

लेकीचा फोन नाही. कामात असेल.

१७ मार्च, सोमवार

सकाळी केंद्राचं दार उघडलं. पायरीवर लेक. हातात प्रवासाची बॅग.

शंभर प्रश्न घशाशी आले.

"पाणी हवं का?" मी विचारलं.

तिने ग्लास दोन्ही हातांनी धरला.