एका दाराचा पत्ता

द्वारा हिमेनाबाई,
लास कोंदेस, सांतियागो
१९ एप्रिल १९९८

तीर्थरूप बाबांना,
एल्सिराचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आपल्या कोळ्यांच्या संत सान पेद्रोच्या कृपेने मी इथे खुशाल आहे. तिकडे चिंबोतेला तुम्ही, तुमचा टाइपरायटर आणि तुमची पाठ, तिघंही धडधाकट असाल अशी आशा करते.

लग्नाला महिना उलटला, संसार कसा चाललाय म्हणून विचारलंत. दर रविवारी चालतो, बाबा. बाकीचे दिवस मी हिमेनाबाईंच्या स्वयंपाकघरामागच्या मोलकरणीच्या खोलीत, आणि निबाल्दो कोंचालीला त्याच्या आईकडे, जेवणघरातल्या कोचावर. त्या घरात त्याच्या तीन बहिणी, तिघींचे नवरे आणि पोरंबाळं आहेत. कोचावर एकट्या निबाल्दोचे पाय मावत नाहीत, तिथे मी कुठे मावणार? रविवारी आम्ही बागेत बसतो, खारे शेंगदाणे खातो आणि आपण नवराबायको आहोत याची एकमेकांना आठवण करून देतो.

माझ्या ओळखपत्रावर अजून ‘अविवाहित’ आहे. ते बदलायला आणि चिलीच्या माणसाची बायको म्हणून राहण्याचा परवाना मागायला आम्ही परवा परदेशी लोकांच्या कचेरीत गेलो होतो. माझा आत्ताचा परवाना हिमेनाबाईंच्या नोकरीला बांधलेला आहे. हे घर सोडलं की तोही गेला. खिडकीतल्या बाईंनी लग्नाचा दाखला पाहिला आणि दोघांचा पत्ता विचारला. मी तोंड उघडायच्या आत निबाल्दोने सांगून टाकलं की हिचा लास कोंदेस, माझा कोंचाली, आणि रविवारी ऊन असेल तर बाग. बाईंना हसू आवरेना. पण म्हणाल्या, पोरांनो, एका दाराआड राहता याचा पुरावा आणा, मग तुमचे कागद हलतील.

आता तुम्हीच बघा. परवाना नाही तर हे घर सोडता येत नाही, हे घर सोडलं नाही तर एक दार होत नाही, आणि एक दार नाही तर परवाना नाही. सहा वर्षं मी दुसऱ्याच्या घरात झोपले. आता मला माझ्या नवऱ्याबरोबर राहायचंय, एवढंच मागणं आहे. तुम्ही जन्मभर कोर्टाच्या दाराशी बसून लोकांचे अर्ज टाइप करून दिलेत, आता लेकीला काहीतरी सुचवा.

माया आहेच, ती कमी करू नका.
तुमची
एल्सिरा

चिंबोते, पेरू
६ मे १९९८

चि. सौ. एल्सिरा हिस (कार्ड काहीही म्हणो, माझ्या लेखी तू सौभाग्यवतीच),
बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. नेहमीप्रमाणे कोर्टाबाहेरच्या बाकावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. शेजारच्या टाइपरायटरवाल्या इलारियोचे मत असे पडले की चिलीच्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच्या युद्धात आपले अरिका बंदर नेले, आता आपली पोरगी नेली, आणि ठेवायला जागा दोन्हींना दिली नाही. मी म्हटले, अरिकाला निदान समुद्र तरी आहे.

जावईबापूंना माझा निरोप सांग की कचेरीच्या खिडकीशी खरे बोलणाऱ्या माणसाला घरीच ठेवावे. पत्ता विचारला की एकच सांगायचा, कोणाचा का असेना. इथे अर्धे गाव माझ्या मावसभावाच्या पत्त्यावर राहते, आणि त्याच्या घराला तर छप्परही नाही. तुझी कोणी मैत्रीण असेल, तिचा पत्ता टाक आणि मोकळी हो. आणि हे लक्षात ठेव, कारकुनाचा नाश्ता व्हायच्या आत खिडकीशी जायचे नाही. उपाशी कारकुनाने आजवर कोणाचे भले केलेले नाही.

सोबत एक दाखला पाठवतो. तू सुशील, विवाहित आणि पतीच्या प्रेमातली स्त्री आहेस असे त्यात लिहिले आहे. खाली पाद्रीबाबा, नोटरी, मासळीबाजाराचे अध्यक्ष आणि बंदराचे अधिकारी यांचे शिक्के घेतले आहेत. इतके शिक्के असलेला कागद परत पाठवायची छाती कोणत्याही कारकुनाची व्हायची नाही.

तब्येतीला जप. चिलीचे लोक रात्री चहापावावर झोपतात असे ऐकतो, तू तरी नीट जेवत जा.
तुझा बाप
फॉर्तुनातो

लास कोंदेस
३० मे १९९८

तीर्थरूप बाबांना,
एल्सिराचा मनापासून नमस्कार. वि. वि.

दाखला घेऊन गेले, तेही नाश्त्यानंतर. खिडकीतल्या बाईंनी तो दोन्ही हातांनी धरून शेवटपर्यंत वाचला, शेजारणीलाही दाखवला. मग अगदी अदबीने विचारलं की चिंबोतेच्या बंदर-अधिकाऱ्याची सत्ता सांतियागोत कुठवर चालते.  एवढे शिक्के त्यांनी जन्मात एकत्र पाहिले नव्हते, हेही कबूल केलं.

मैत्रिणीचा पत्ता द्यायचं काही जमणार नाही. रोसारियो तयार होती. पण निबाल्दोला बागेत बसून सराव करायला लावलं, तर रोसारियोच्या गल्लीचं नाव घेताच त्याचे कान लालबुंद झाले. हाच माणूस हिमेनाबाईंचा गॅसचा बंब दुरुस्त करायला दर गुरुवारी यायचा तेव्हा मी विचारायची की बंब पुन्हा कसा बिघडला, आणि असेच कान लाल व्हायचे. त्या कानांवर भाळूनच तर लग्न केलं. त्यांना आता काय दोष देऊ?

पण एक नवीन गोष्ट घडलीय. हिमेनाबाईंच्या कानावर सगळं गेलं. आजवर माझ्या खोलीत पुरुषाची सावली पडलेली त्यांना चालत नसे. काल त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याला इथेच राहायला आण. तुझी खोली आहेच, तो नळ बघेल, बाग बघेल, आणि पत्त्याचं पत्र मी उद्याच्या उद्या सही करून देते. बाबा, त्यांची वयाची पंच्याहत्तरी उलटली आहे. मी गेले तर घरात त्या एकट्या. बोलताना त्या माझ्याकडे न बघता रुमालाची घडी घालत होत्या.

मी उत्तर दिलेलं नाही. निबाल्दो म्हणतो, तू म्हणशील ते. तुम्हाला काय वाटतं?

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी
एल्सिरा

चिंबोते
१७ जून १९९८

चि. सौ. एल्सिरास
बाबांचे आशीर्वाद आणि एक हुकूम.

हो म्हण! विचारतेस काय? ताबडतोब हो म्हण. हातचे सोडून पळत्याच्या मागे लागू नये. माझी मुलगी आणि जावई लास कोंदेसमध्ये राहतात हे बाकावर सांगून टाकले आहे. इलारियोचे तोंड पाहण्यासारखे झाले होते, कारण त्याचा मुलगा लिमाला राहतो खरा, पण कुठे ते तो कधी सांगत नाही. एवढ्या श्रीमंत वस्तीचा पत्ता कार्डावर आला की बँक, दवाखाना, पुढे मुलांची शाळा, सगळी दारे आपोआप उघडतात. मी हजारो अर्ज टाइप केले आहेत, पोरी. कारकून आधी पत्ता वाचतो, मग माणूस.

खोली लहान असेल तर असू दे. आमच्याकडे काय महाल होता? कार्ड हाती येऊ दे, मग पुढचे पुढे बघता येईल. यात आता वाद नको.

सान पेद्रोचा सण तोंडावर आला आहे. होड्या रंगवायला घेतल्या आहेत. जावईबापूंना आशीर्वाद, आणि त्यांच्या कानांना विशेष.
तुझा बाप
फॉर्तुनातो

लास कोंदेस
५ जुलै १९९८

तीर्थरूप बाबांना,
एल्सिराचा नमस्कार. वि. वि.

रागावू नका. मी नाही म्हटलं.

हे लिहायला लाज वाटते, पण आई असती तर तिला लिहिलं असतं तसं तुम्हाला लिहिते. बाकावर वाचू नका. या खोलीत पलंगाच्या उशाशी, भिंतीवर एक घंटा आहे. तिचं बटण हिमेनाबाईंच्या पलंगाशी. पाणी हवं, खिडकी लाव, गोळी सापडत नाही, काहीही असलं की ती वाजते आणि मी उठते. सहा वर्षं उठतेय आणि त्याचं मला दुःख नाही, ते माझं काम आहे. पण बाबा, नवऱ्याच्या कुशीत असताना ती वाजली तर मी कोण? बायको की मोलकरीण? आणि निबाल्दोने काय करायचं, छताकडे बघत पडायचं? परवाना मिळेल, कार्डावर ‘विवाहित’ही लागेल, पण मी राहीन ती हिमेनाबाईंच्याच घरची. असा कागद मला नको. तुम्ही म्हणता, कारकून आधी पत्ता वाचतो. वाचू दे. तिथे झोपायचं मला आहे.

हे मी हिमेनाबाईंनाही सांगितलं. घंटेचं नाही, एवढंच की मी रोज सकाळी येईन आणि संध्याकाळी माझ्या घरी जाईन, आणि रात्री त्यांची भाची सोबतीला येऊन झोपेल, तिला मी विचारलंय.  पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या की भाची घोरते. म्हणजे तयार आहेत, नोकरीही राहिली आणि तिला बांधलेला परवानाही.

आता घर कुठलं, तर ऐका. इथे गरीब माणसं आईबापाच्या परसात तयार फळ्यांची एक खोली उभी करतात, मेदियाग्वा म्हणतात तिला. एका दिवसात उभी राहते. सासूबाई उबेरलिंदा आजवर माझ्याशी जेमतेम बोलायच्या. ‘ती पेरूची’ एवढंच माझं नाव होतं. निबाल्दोने भीत भीत विषय काढला, तर त्या उठल्या, परसात गेल्या आणि कोंबड्यांचं खुराडं स्वतःच्या हातांनी मोडायला लागल्या. तिन्ही नणंदा ओरडल्या, अंड्यांचं काय? त्यावर त्या म्हणाल्या, कोंबड्या कुठेही झोपतील, सून नाही झोपायची. मी तिथेच रडले. त्यांनी मला रडणं पुरे म्हणत खिळे सरळ करायला बसवलं.

रागावला असाल तर रागवा, पण पत्र लिहा.
तुमची
एल्सिरा

चिंबोते
२५ जुलै १९९८

चि. सौ. एल्सिरास
बाबांचे आशीर्वाद.

सवयीने पत्र बाकावरच फोडले आणि वाचायला लागलो. ‘बाकावर वाचू नका’ हे वाक्यही मोठ्यानेच वाचून झाले. मग घडी घालून खिशात ठेवले. सगळे विचारायला लागले, पुढे काय? म्हटले, पुढे माझ्या मुलीचे आहे.

घरी येऊन वाचले. दोन दिवस तुझ्यावर राग होता, तिसऱ्या दिवशी स्वतःवर आला. मी पत्ते टाइप करतो, त्या पत्त्यांवर कोणाला झोप लागते का हे कधी विचारत नाही. तुझे बरोबर आहे. नवराबायकोच्या खोलीत तिसऱ्याची घंटा नको.

आज बाकावर जाहीर केले की माझी मुलगी लास कोंदेस सोडून कोंचालीला कोंबड्यांच्या जागेत राहायला जाते. इलारियो पोट धरून हसला. मीही हसलो, पण छाती पुढे काढून.

तुझ्या सासूला माझा नमस्कार सांग. युद्धाबद्दल मी वैयक्तिकरीत्या त्यांना माफ केले आहे. अरिकाचे मात्र बोलणे अजून बाकी आहे. जावईबापूंना सांग, परसात ओल असणार, फळ्या जमिनीवर टेकवू नका, खाली दगड घाला.

तुमच्या छपराला माझा आशीर्वाद. छप्पर आहे ना?
तुझा बाप
फॉर्तुनातो

उबेरलिंदा यांचे घर, मागची खोली,
कोंचाली, सांतियागो
२४ ऑगस्ट १९९८

तीर्थरूप बाबांना,
एल्सिराचा तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

छप्पर आहे, बाबा. पत्र्याचं आहे आणि कावळा बसला तरी दणका होतो. दगडही घातले. गेल्या रविवारी निबाल्दोचे मित्र, तिन्ही मेव्हणे आणि अर्धी गल्ली जमली. सकाळी परसात नुसता चिखल होता, आणि अंधार पडायच्या आत चार भिंती, एक खिडकी आणि एक दार. सासूबाईंनी हंडाभर घेवडा शिजवला होता. मी आपलं लिंबात मुरवलेल्या माशाचं सेबिचे केलं, तर एका मेव्हण्याने मासा कच्चा आहे म्हणून तक्रार केली आणि तीनदा वाढून घेतलं. तुमचा शिक्क्यांचा दाखला वाया गेलेला नाही. दोन फळ्यांमधली फट त्याने बरोबर बुजली. बंदर-अधिकाऱ्याच्या कृपेने वारा येत नाही.

मग राहण्याचा दाखला द्यायला वस्तीच्या मंडळाच्या अध्यक्षा ग्लादीसबाई आल्या. पलंग पाहिला, टेबल पाहिलं, पलंगावर बसूनही पाहिलं, आणि म्हणाल्या, किटली कुठाय? किटली आणायचं कोणालाच सुचलं नव्हतं. त्या म्हणाल्या, जिथे चहा होत नाही तिथे कोणी राहतं असं मी लिहून देणार नाही. सासूबाई आपल्या चुलीवरची उकळती किटलीच उचलून घेऊन आल्या. ग्लादीसबाईंनी दोन कप चहा घेतला, पावाबरोबर, आणि सही केली.

त्यानंतर आज आम्ही कचेरीत गेलो. निघताना मी हिमेनाबाईंकडून माझी पेटी घेतली. त्यांनी दाराशी मला मिठी मारली आणि उद्या वेळेवर ये म्हणून दम भरला. खिडकीत त्याच बाई होत्या. त्यांनी पत्ता विचारला. निबाल्दोने माझ्याकडे पाहिलं, म्हणून मीच सांगितला. नीट, सावकाश, अगदी ‘मागची खोली’सकट. बाईंनी मान वर न करता तो लिहिला, शिक्का मारला, पावती दिली, कार्ड पुढच्या महिन्यात न्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली. एवढंच! इतके महिने जीव टांगणीला लागला होता, आणि त्यांचं लिहून झालं तेव्हा माझा श्वाससुद्धा सोडून झाला नव्हता. मी जिन्यावर बसून आधी रडले, मग हसत सुटले. निबाल्दो पेटी घेऊन उभा होता. लोक आम्हालाच बघत होते.

मग आम्ही बस पकडली. गर्दी होती, पेटी मांडीवर घेऊन बसलो. आणि बाबा, लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा घरी जाताना आम्ही दोघं एकाच थांब्यावर उतरलो.

तुमची माया या पत्त्यावरही येत राहू द्या.
तुमची
एल्सिरा