आबा "नाही" म्हणाले

मंगळ., ६ जाने.
जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ पाहिला. डबा तसाच परत आणला.
तो चॅनेलवाला आपल्या घरी येऊन, माझ्या हातचे पोहे खाऊन, आबांशी पाऊण तास बोलून गेला होता. त्यातलं ठेवलं किती, तर एक शब्द. तो विचारतो, "बाबा, तुम्ही जन्मभर दगड फोडलात. पांडवलेण्यासारखं काम तुम्ही करू शकाल?" आबा मान हलवून म्हणतात, "नाही." लगेच ढणढण संगीत आणि खाली लाल अक्षरांत: वडार कारागिराची कबुली! मग आकाशातून तबकडी, निळा किरण, आणि डोंगर लोण्यासारखा कापला जातोय.
कबुली म्हणे! माझ्या बापानं काय दरोडा घातला होता?
आपल्यात दगडापुढे "मी करीन" असं कुणी म्हणत नाही. दगड ऐकतो, आणि ऐकलं की अडून बसतो. माझ्या लहानपणी कुणी पाटा-वरवंटा सांगायला आलं, की आबांचं आधी ठरलेलं, "आपल्याच्यानं कुठं होतंय." चौथ्या दिवशी पाटा तयार. गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक असायचं. या कार्ट्याला कुठून असणार? मी सांगायला हवं होतं. त्याला बोलावलं मीच. "आबांचं काम जगाला दिसेल." दिसलं.

बुध., ७
विलासला दाखवला. नवरा असून म्हणतो, "तसं नाही गं, पण इतकं अचूक काम, काहीतरी असेलच ना." काहीतरी! मी बावीस वर्षं सातपूरला कारखान्यात इन्स्पेक्शनमध्ये आहे. अचूक कशाला म्हणतात ते मला सांगतो.
शेजारच्या गायकवाडबाई लेण्यांना त्रिरश्मीच म्हणतात. त्या म्हणाल्या, "आमची बुद्धाची लेणी आधी पांडवांना देऊन टाकली. आता परग्रहावर पाठवताहेत. करणाऱ्यांकडे तेवढी ठेवायची नाहीत." हसले, आणि हसल्यावर जास्तच राग आला.
आबांना अजून काही कळलेलं नाही. कळू द्यायचं नाही असं ठरवलंय.

शुक्र., ९
कळलं. सिन्नरहून चुलतभावाचा फोन, थेट आबांनाच. "काका, काय बोलून बसले तुम्ही? सगळ्या ग्रुपवर फिरतंय. पोरं हसू ऱ्हायली आपल्याला."
आबांनी माझ्या फोनवर पाहिला. दोनदा. मग विचारलं, "पुढचं कुठं गेलं?"
मी व्हिडिओ बंद केला.
"मी छताचं सांगितलं व्हतं ना. आधी छत कोरायचं, मंग खाली उतरत यायचं. परांची बांधावी लागत नाय. त्ये कुठंय? पाचरीचं सांगितलं लय येळ. त्ये बी नाय."
संध्याकाळी मारुतीच्या पारावर गेले नाहीत. तिथे त्यांच्याबरोबरीचे तीन-चार म्हातारे बसतात, सगळे दगडातलेच. ताप असतानासुद्धा जाणारा माणूस आज घरात बसून राहिला. मला भयंकर वाईट वाटलं.
चॅनेलवाल्याला फोन केला. "ताई, मी काही जोडलं का? बाबा स्वतःच नाही म्हणाले." मी म्हटलं, पुढची चव्वेचाळीस मिनिटं कुठे आहेत? "ताई, लोक एवढं बघत नाहीत. बाबांनी कॅमेऱ्यासमोर दगड फोडून दाखवावा, मी लगेच दुसरा भाग टाकतो. पुढच्या शनिवारी येऊ?" वर "आदर आहे मला बाबांबद्दल." आदर! फोन आपटावासा वाटला, पण हप्ते माझेच आहेत. ये म्हटलं.

शनि., १०
सुट्टी. मेजरटेप घेऊन आबांबरोबर लेण्यांवर. पायऱ्या चढताना चार वेळा बसले, पण रिक्षातच बसून राहतो म्हणाले नाहीत.
व्हिडिओत "सगळे खांब मिलिमीटरपर्यंत एकसारखे." एकाच ओसरीतल्या दोन खांबांत मला अंगठाभर फरक मिळाला. कोठड्यांची दारंही तशीच, कुठे इकडे कुठे तिकडे. आमच्याकडे असा माल आला असता तर मी परत पाठवला असता. आणि किती सुंदर आहेत सगळे!
एका अर्धवट राहिलेल्या भिंतीवर छन्नीचे घाव अजून आहेत. आबांनी त्यावरून बोटं फिरवली. "ह्यो डावरा व्हता. बघ, घाव उलटे पडल्यात. आन् हितं त्याची छन्नी बोथाटली, तरी तसाच मारत बसला. आळशी." इतक्या शतकांपूर्वीच्या माणसाला आळशी म्हणाले आणि या आठवड्यात पहिल्यांदा हसले.
दान देणाऱ्यांचे लेख आहेत भिंतींवर, माहिती देणारा एक जण वाचून दाखवत होता. मी विचारलं, कोरणाऱ्यांचं नाव? तो म्हणाला, मला तरी माहीत नाही. नाव राहिलं नाही ते नाहीच. निदान हात तरी त्यांचे राहू द्या ना. तेही कुणा हिरव्या डोक्याच्या प्राण्याला देऊन मोकळे!

मंगळ., १३
परसातल्या काळ्या दगडावर आबा रविवारपासून बसलेत. पाचरींसाठी एका ओळीत भोकं. दिवसाला दोन होतात.
आज भोगीची भाजी वाढताना विषय काढला. "आबा, या वेळी त्यानं विचारलं तर हो म्हणायचं."
"नाय."
"अहो, त्या नाहीनंच तर एवढं झालं!"
"दगड फुटंल तवा दिसंलच ना. त्वांडानं कशाला?"
मी ओरडले. बापावर ओरडले, सणाच्या दिवशी. ते जेवून परत दगडाकडे गेले.

शनि., १७
स. ११ ला चॅनेलवाला आला, सोबत कॅमेरेवाला. दगडाला हळदकुंकू, नारळ. ते सगळं टिपलं, अगदी जवळून. मग पुन्हा तोच प्रश्न. "बाबा, फोडू शकाल?" आणि माझ्या बापानं पुन्हा मान हलवली. "नाही. त्याची मर्जी."
पाचरी बसवल्या. घण माझ्याच्यानं उचलवेना, आबांनी उचलला. या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक पाचरीवर एक-एक घाव, मग परत पहिलीपासून. तिसऱ्या फेरीनंतर खाली बसले. "झालं. आता थांबायचं."
"किती वेळ?"
"त्यो सांगंल."
पोरगा घड्याळ बघत राहिला. मी चहा केला. चहा पितानाचंही त्यानं चित्रीकरण केलं, आबा बशीत ओतून पिताना. साडेबाराला उठला. "ताई, आमचं पुढचं शूट आहे त्र्यंबकरोडला. एक तास ठरला होता." मी म्हटलं, थांब, तुझ्या तबकडीला किती वेळ लागला होता? तो हसला, आबांच्या पाया पडला आणि गेला.
एकला दहा कमी असताना दगडानं आवाज दिला. ढेकर दिल्यासारखा, हलका. मग सरळ रेघ, वरून खाली. दोन भाग. आत कापल्यासारखा साफ.
विलास तोंडात बोट घालून उभा. मी रडत होते आणि चॅनेलवाल्याला शिव्या देत होते, दोन्ही एकदमच.
मग माझा फोन काढला. दोन्ही भाग टिपले. आबांना मधे बसवलं आणि मी, मी स्वतः, विचारलं, "आबा, लेण्यांसारखं काम तुम्ही करू शकाल?"
आधी दगडाकडे पाहिलं. पारावरचे म्हातारे, सिन्नरची पोरं, काय काय आलं असेल मनात. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "हो. मी करीन."
तसेच उठले, फुटलेल्या दगडावर कपाळ टेकलं आणि किती तरी वेळ उचललंच नाही. पुटपुटत होते. आपल्या वडारी भाषेत दगडाची माफी मागत होते.
मी रेकॉर्डिंग बंद केलं.

सोम., १९
त्याचा दुसरा भाग आला. हळदकुंकू, "त्याची मर्जी", बशीतला चहा. शेवटी घड्याळाचा काटा आणि न फुटलेला दगड.
सिन्नरहून निरोपावर निरोप: फुटलेल्या दगडाचा तुझ्याकडचा व्हिडिओ टाक, त्याचं थोबाड बंद होईल. होईलच. नुसता दगड टाकला तर म्हणतील मशीननं कापला. आबांचं ते वाक्य हवंच.
आबांना विचारलं, टाकू का?
"तू काढलाय," म्हणाले. "तुझं तू बघ."
आजही पारावर गेले नाहीत. पहिल्यांदा त्यानं फिरवलेल्या "नाही"मुळे गेले नव्हते. आता मी वदवून घेतलेल्या "हो"मुळे.
फोन हातात घेऊन बसलेय.